शंभर वर्षांचा पूल

नव्या पुलाच्या आराखड्यावर सही तेवढी राहिली होती. इंजिनिअरबाई चार महिने त्यावर राबल्या होत्या. भार, वारा, पूर, सगळं तपासून झालं होतं. पण पहिल्या पानावरच्या एका ओळीपाशी त्यांचं पेन अडलं. 'अपेक्षित आयुष्य : शंभर वर्षं.'

वर्षभरापासून त्यांना एक नाद लागला होता. डोळे उघडले की फोन. तापणारे समुद्र, युद्धं, माणसाला मागे टाकणारी यंत्रं. छातीत धडधडायचं, घास घशाखाली उतरायचा नाही, तरी बोट थांबायचं नाही.

"सही का करत नाहीयेस?" नवऱ्यानं विचारलं.

"शंभर वर्षांनी जाणार कोण त्यावरून? खोटं लिहितेय असं वाटतं."

त्यानं समजूत घातली नाही. "खऱ्या पुलावर शेवटची कधी गेली होतीस?" एवढंच म्हणाला.

बाईंना आठवेना. दुसऱ्या दिवशी त्या गावाबाहेरच्या जुन्या लोखंडी पुलावर गेल्या. तिथे वार्षिक तपासणी चालू होती. साठीचे मिस्त्री कमरेला दोर बांधून लोखंडी पट्ट्या जोडणारा एकेक रिव्हेट हातोडीनं ठोकत होते. ठण्ण वाजलं तर पुढे, बद्द वाजलं तर खडूची खूण.

"मिस्त्री, हा पूल बांधणाऱ्याला तो एवढी वर्षं टिकेल अशी खात्री असेल?"

"कुणास ठाऊक. माझ्या आधी इथं माझे वस्ताद होते, त्यांच्याआधी आणखी कुणी. दर वर्षी कुणीतरी येतं, ठोकून बघतं, सैल झालेलं बदलतं. मी यंदाचं बघतो."

"आणि भीती?"

"वाटते की! खाली पाहिलं की अजूनही वाटते. म्हणून दोराचं दुसरं टोक भरवशाच्या माणसाकडे द्यायचं." मग ते कुरकुरले, "तुम्ही कागदवाले मात्र आम्हाला उभं राहायला जागा ठेवत नाही. त्या खांबापर्यंत जायला माकड व्हावं लागतं."

बाईंनी हातोडी मागून घेतली. दुपारपर्यंत त्यांना बद्द वाजणारे तीन रिव्हेट सापडले. फोन पर्समध्येच राहिला होता.

भीती काही एका दिवसात पळाली नाही. पण बातम्यांना त्यांनी जेवणानंतरची पंधरा मिनिटं नेमून दिली. धडधड वाढली की नवऱ्याला सरळ सांगायच्या, "आज जड जातंय." दोघं चालायला जायची. हळूहळू जेवण अंगी लागू लागलं.

आराखड्यातही त्यांनी एक बदल केला. पुलाच्या पोटाखालून टोकापर्यंत तपासणीची पायवाट काढली.

"वजन वाढेल," ऑफिसात त्यांचे साहेब म्हणाले.

"वाढलेलं धरून पुन्हा गणित केलंय. बसतंय."

"पण तिथे जाणार कोण?"

"दर वर्षी कुणीतरी. साठ वर्षांनी जो जाईल, त्यानं मला शिव्या घालू नयेत."

साहेब हसले. बाईंनी तिथेच टेबलावर वाकून सही केली, आणि पायवाट अजून वीतभर रुंद करता येईल का, यावर दोघांचा वाद सुरू झाला.