माझं बावीस अंशांचं पाणी

कायाओ बंदर सुटेपर्यंत आख्ख्या जहाजावर माझ्याएवढा दर्यावर्दी नव्हता. "आमच्या रक्तातच मीठ आहे," असं मी वर्गातल्या पंधराही जणांना ऐकवून ठेवलं होतं. आजोबांची लिमात मिठाची वखार होती, एवढाच त्याला आधार. धक्का दिसेनासा व्हायच्या आत मला बोट लागली.

समुद्रशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला ही दहा दिवसांची सफर करावीच लागते. सकाळी सहा ते दहा माझी पाळी. काम शेंबड्या पोरालाही जमावं असं: दर तासाला बादली सोडायची, पाणी ओढायचं, तापमापक बुडवायचा, आकडा वहीत लिहायचा. तिसऱ्या दिवशी सहाचा आकडा मी इमानाने लिहिला, सतरा पूर्णांक चार, मग त्याच बादलीत पोट रिकामं करून आडवा झालो. उरलेले चार आकडे दहा वाजता एका बैठकीत पाडले. सगळे सारखे लिहिले तर संशय येईल, म्हणून दर वेळी थोडे वाढवत गेलो. शेवटचा बावीस झाला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

दुपारी जेवताना आमच्या प्राध्यापिका ओतिलियाबाई वही नाचवतच आल्या. "पोरांनो, गरम पाण्याचा पट्टा! आणि सापडला कुणाला? आपल्या एवारिस्तोला! कप्तानाला सांगते, जहाज मागे वळवा." सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. मीही मान झुकवली.

"तू तर आडवा होतास ना रे?" शेजारच्या यानिनाने विचारलं.

"बोट लागली म्हणून काय कर्तव्य सोडायचं?" मी म्हणालो. हे वाक्य आठवलं की आजही माझे कान तापतात.

यानिना चिंबोते बंदरातल्या कोळ्याची पोर, आणि जहाज त्या दिवशी तिच्याच बंदरासमोर होतं. अंचोवेता मासळीचा हंगाम त्याच दिवशी उघडत होता आणि तिचे वडील संध्याकाळी होडी काढणार होते. पाणी तापलं की ही मासळी खोल जाते, जाळ्यात येत नाही, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. ती ताट अर्धं टाकून उठली. "पप्पांना सांगते, जाऊ नका म्हणून. मागच्या गरम वर्षी रिकाम्या हातांनी परत आले होते."

आता आली पंचाईत. सांगितलं तर माझं वर्ष बुडत होतं. नाही सांगितलं तर तिच्या बापाचा हंगाम पहिल्याच दिवशी बुडत होता. कबूल करतो, दोन घास तरी मी विचार करत बसलो. मग धावलो.

सुकाणूच्या खोलीत यानिना वायरलेसचं बटण दाबून बोलत होती. "पप्पा, बाहेर पडू नका, पाणी बावीस..."

"खोटं आहे ते!" मी ओरडलो. "मी मोजलंच नाही! झोपलो होतो! मनाने लिहिलंय सगळं!"

बटण दाबलेलंच होतं. त्या भागातल्या यच्चयावत होड्यांनी माझा कबुलीजबाब ऐकला. कप्तानाशेजारी उभ्या असलेल्या ओतिलियाबाईंनीही ऐकला.

यानिनाने बटण सोडलं. मग एकेका होडीवरून हसणं फुटलं. "अरे, त्याला लिंबू चाटवा कुणीतरी!" एक जण म्हणाला. "बावीस?" दुसरा म्हणाला. "ताप त्यालाच आला असेल, दर्याला नव्हे!"

यानिना हसली नाही. तिने माईक माझ्या हातात कोंबला. "आता तूच बोल माझ्या बापाशी."

"पोरा," तिच्या वडिलांचा आवाज आला, "हसतायत त्यांना हसू दे. मला निघायचंय. खरं किती आहे ते सांग."

ते मला ठाऊकच नव्हतं. ओतिलियाबाईंनी दाराकडे हात केला. मी बाहेर गेलो, बादली सोडली, कठड्यावर ओकलो, पाणी ओढलं, मोजलं आणि परत आलो.

"सतरा पूर्णांक सहा, काका."

"नक्की?"

इतका अवघड प्रश्न मला कुठल्याच परीक्षेत आला नव्हता.

"थांबा जरा," मी म्हणालो, आणि बादली घेऊन पुन्हा बाहेर पळालो.