रेघ आडवी झाली तेव्हा

बोरगावच्या पलीकडे, नाल्याकाठच्या एका गावात, उपकेंद्राच्या पडवीत भिंतीला टेकून जो उभा आहे तो मीच, मित्रांनो. अंगावर पांढऱ्या रेघांच्या चौकटी आहेत आणि एक कोपरा वाळवीने खाल्लेला आहे. मी आलेखाचा फळा आहे. नव्या पोरांना वाटते, हा बुद्धिबळाचा मोठा पट असावा. वाटू द्या. मला कोण काय समजतो, हे मी आताशा मनाला लावून घेत नाही.

सौसरच्या एका सुताराने सागाच्या फळ्या जोडून मला घडवले. आधी मी शाळेत होतो. गुरुजी पोरांना माझ्यावर पावसाची बेरीज मांडायला लावत. आजचा पाऊस कालच्या बेरजेत मिळवायचा, तिथे ठिपका द्यायचा आणि ठिपके जोडत जायचे. अशी रेघ कधी खाली येत नाही. भर पडली की चढते, नाही पडली की आडवी चालते. काय मान होता तेव्हा माझा! पोरे खडूसाठी भांडत. मग शाळेत गुळगुळीत पांढरा बोर्ड आला आणि मला उपकेंद्रात धाडून दिले. तिथे बरीच वर्षे माझ्यामागे झाडू ठेवत. खरे सांगतो, फार वाईट वाटायचे.

मला पुन्हा उजेडात आणले ते करुणाने. करुणा म्हणजे गावची आशा कार्यकर्ती. नवरा नागपूरला कामाला, घरात सासरे दादाराव आणि सहा वर्षांची लेक प्रज्ञा. ही प्रज्ञा आईच्या मागे मागे यायची आणि माझ्या खालच्या चौकटींत फुले काढायची. आई रागवायची, ती पदरामागे लपायची. माझा जीव होता त्या पोरीवर.

त्या वर्षी श्रावणात हगवणीची साथ आली. नाल्याचे पाणी गावच्या विहिरीत उतरले होते. विहिरीवर बाभळीचे काटे टाकले, टँकर सुरू झाला. करुणा रोज घरोघर जाऊन विचारायची, आज नवीन कोण आजारी पडले, आणि त्यांची भर माझ्यावर घालायची. रेघ भराभर चढत गेली. मोबाइलमधले आकडे गावाला काय कळणार? म्हणून तिने मला रस्त्याकडे तोंड करून उभे केले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला शिकवले की रेघ आडवी झाली का समजा, बिमारी थांबली. ठरलेही तसेच. रेघ तीन दिवस आडवी राहिली की विहीर उघडायची. टँकरपाशी रोज भांडणे होत, त्यामुळे सगळे गाव माझ्याकडे डोळे लावून बसले होते. दादाराव तर रोज येत, चष्मा पुसत आणि रेघ पाहून परत जात.

मग पोळा आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांची गोटमार होते. दोन्हीकडून दगड चालतात, डोकी फुटतात. मलमपट्टीला आजूबाजूच्या गावांतून माणसे बोलावतात. पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळीच उपकेंद्राची सिस्टर गेली, करुणाही गेली. प्रज्ञाला तिने दादारावांच्या हवाली केले. उपकेंद्रात राहिला मदतनीस भूपेंद्र, नवाच लागलेला. वाईट पोरगा नव्हता हो. पण मागे एकदा त्याने एक चौकट कोरी सोडली, तेव्हा तपासणीला आलेल्या साहेबांनी सगळ्यांदेखत त्याची हजेरी घेतली होती. रेघ मध्येच तुटली कशी म्हणून. ते त्याने धसक्यासारखे मनात धरले होते.

सणात घरोघर कोणी गेले नाही. लोकही गप्प राहिले. कोणाचे पोट बिघडले तर पुरणपोळी बाधली असे म्हणून मोकळे झाले. भूपेंद्रकडे आकडाच नव्हता. त्याने खडू घेतला आणि आदल्या दिवशीची बेरीज तशीच पुढच्या चौकटीत, मग त्याच्या पुढच्या, अशी रेघ सरळ ओढत नेली. पाहणाऱ्याला वाटावे की या दिवसांत एकही माणूस आजारी पडला नाही. खरे एवढेच होते की कोणी विचारलेच नव्हते. मला तोंड असते ना, तर मी बोंब मारली असती.

गोटमारीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवरचे काटे निघाले. विहीर माझ्या समोरच आहे. बाया हसत होत्या. दादारावांनी पहिल्याच खेपेला घागर भरली आणि जवळ उभ्या नातीला ओंजळीने पाणी पाजले. ती तोंड पुसत घरी पळाली.

पांढुर्ण्यात जखमी फार होते म्हणून करुणाला आणखी एक दिवस ठेवून घेतले. रात्री फोनवर दादारावांनी तिला सांगितले होते, पोरगी मस्त खेळून राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली. आधी माझ्याकडे पाहिले, मग उघड्या विहिरीकडे. तिने भूपेंद्रला विचारले, "घरोघर कोण गेल्तं?"

"कोनीच नाही, ताई. आकडा नव्हता, म्हून कालचाच समोर नेला."

करुणा धावत घरी गेली. प्रज्ञा पहाटेपासून ओकत होती, डोळे खोल गेले होते. दादाराव तिला मांडीवर घेऊन मीठ-साखरेचे पाणी पाजत होते. पाणी त्याच विहिरीचे. सौसरच्या दवाखान्याच्या वाटेवर जीपमध्येच पोर गेली.

माती देऊन परतताना माणसे माझ्यासमोर थांबली. दादाराव हळूच म्हणाले, "तूच त सांगतलं होतं बाई, रेघ आडवी झाली का बिमारी थांबली. मी रेघ पाहूनच पाजलं."

 

काटे पुन्हा विहिरीवर पडले. दुसऱ्या सकाळी करुणा माझ्याकडे आली, पदराने ती आडवी रेघ पुसली आणि चौकटी कोऱ्या सोडल्या. मग भूपेंद्रला बरोबर घेऊन दार न् दार विचारून आली. ज्यांना दिवस आठवला त्यांचे ठिपके त्या दिवशी मांडले, पण मधली रेघ जोडली नाही. ज्यांना नाही आठवला, ते सगळे ज्या दिवशी कळले त्या दिवसाच्या बेरजेत घेतले. शेवटी तिने त्यात आणखी एक मिळवला. तो एक म्हणजे प्रज्ञा. पुढच्या सगळ्या बेरजांत मी तिला वागवले, आणि ते ओझे मला पेलवत नाही.

महिन्याभराने तेच साहेब आले आणि रेघ का तुटली म्हणून विचारू लागले. करुणा म्हणाली, "त्या दिवसांत आम्ही कोणाले विचारलंच नाही, साहेब."

आता माझ्यावर कोणी काही लिहीत नाही. सगळे मोबाइलवर आहे, आणि तिथेही रेघाच असतात. मित्रांनो, माहिती नसेल त्या दिवसाची जागा कोरी ठेवा, तिची लाज बाळगू नका. आणि आडवी रेघ दिसली की खूश होण्याआधी विचारा, त्या दिवशी कोणी घरोघर गेले होते का. दादाराव आता रोज सकाळी पडवीत येऊन करुणाला कालच्या दिवसाचे तेच विचारतात. ती हो म्हणेपर्यंत ते घरातल्या पाण्याला तोंड लावत नाहीत.