चौथा आणि सहावा दगड

या वर्षी तिसरी पायरी अरिहंतला मिळणार हे मला त्यानंच सांगितलं, कॉलेजच्या फाटकासमोर मोटारसायकल थांबवून.

"मास्तर, बाबानी मन्हं नाव लिधं," तो म्हणाला आणि हसला.

मी अभिनंदन केलं. मग प्रयोगशाळेत जाऊन एकच वजन चार वेळा तोललं. चारही वेळा आकडा वेगळा आला.

नंदुरबारबाहेर कोरीटच्या रस्त्याला आमच्या कमानकरी मंडळाचं एक लांबट दालन आहे. रेल्वेचं काम चाललं होतं तेव्हा नाल्यांवर कमानी बांधणाऱ्या गवंड्यांनी हे मंडळ काढलं, असं आम्हाला सांगतात. आता आमच्यात गवंडी एकही नाही. शेतकरी आहेत, दुकानदार आहेत. मी, स्टीफन, भौतिकशास्त्राचा एम.एस्सी. आणि कॉलेजात प्रयोगशाळा सहायक. पायऱ्या तीन: गारा, पाचर, माथा. गाऱ्यावरचा माणूस दाराशी चुना कालवतो आणि आतून येणाऱ्यांच्या हातावर पाणी घालतो. पाचरीवरच्याला दगडांना हात लावता येतो. माथ्याला वर्षातून एकच जण चढतो; त्याचं नाव मंडळाचे थोरले, नारसिंगबाबा, घेतात.

पायऱ्यांबरोबर खात्याची गोष्टही तुकड्यातुकड्यानं मिळते. गाऱ्यावर असताना एवढंच सांगतात की खात्या नावाच्या गवंड्यानं एका नाल्यावर नऊ दगडांची कमान बांधली आणि साहेबाचा तिच्यावर विश्वास बसेना. पाचरीवर गेलं की पुढचं कळतं: खालचा लाकडी आधार काढायच्या वेळी खात्या भाकरीचं ताट घेऊन कमानीखाली जेवायला बसला. पाचरी ठोकून काढल्या, आधार खाली आला, कमान राहिली. खात्या जेवून उठला आणि एक वाक्य बोलला. ते वाक्य फक्त माथ्यावरच्यांना माहीत असतं.

चार वर्षं मला ते वाक्य हवं होतं. अरिहंत आणि मी एकाच दिवशी मंडळात आलो, एकाच दिवशी पाचरीवर गेलो. दगडांची खोली मी झाडतो. जुन्या सभासदांना विचारून गोष्टीचे सात पाठभेद मी वहीत उतरवले आहेत. अरिहंतला खात्या कुठल्या गावचा, हेसुद्धा सांगता येणार नाही. पण त्याच्या वडिलांचं, लालचंदशेठचं, रंगाचं दुकान आहे, आणि तो सगळ्यांच्या लग्नात वाढायला उभा राहतो. बाबांना तो आवडतो. सगळ्यांनाच आवडतो. खरं सांगायचं तर मलाही आवडतो, आणि तेच जास्त टोचतं.

नाव निघाल्यावर त्यानं मंडळाला भेट दिली. आमचे नऊ दगड म्हणजे खैराच्या लाकडाचे ठोकळे, पण त्यांना दगडच म्हणायचं. एकेक सहा किलोंचा. ते त्यानं दुकानाच्या टेम्पोतून नेले, मशीनवर घासून घेतले आणि पॉलिश करून आणले. दालनात मांडले तेव्हा म्हातारे सभासद त्यांत तोंड बघत होते.

"अरे, काय चमकी ऱ्हायनात!" नारसिंगबाबा म्हणाले. कोरीटला त्यांची शेती आहे. अरिहंतच्या पाठीवर त्यांनी थाप मारली. माझ्या पाठीवर त्यांची थाप कधी पडल्याचं मला आठवत नाही.

त्या रविवारी मी कॉलेजातून व्हर्नियर कॅलिपर नेलं आणि दगड मोजले. भेटीत काहीतरी खोट असेल अशी माझी खात्री होती. खात्री म्हणजे इच्छा. आमचं घर जवळच; बहीण एस्तेर मला बोलवायला आली आणि दारातच थांबली.

"दादा, लाकडं मोजतोयस की अरिहंतभाऊंना?"

"गप गं."

"चहा झालाय म्हणून सांगायला आले. त्यांच्यापेक्षा तू किती मिलिमीटर कमी पडलास, ते कळलं की ये."

खोट सापडली. आमच्या दगडांवर आकडे नाहीत. पहिले गवंडी निरक्षर होते, म्हणून अक्षर किंवा आकडा घालायचा नाही असा नेम आहे. प्रत्येक दगडाच्या पोटाशी बारीक रेघा कोरलेल्या असतात आणि आपला दगड बोटांनी चाचपून ओळखायचा. मशीननं त्या रेघा घासल्या होत्या. बहुतेक अजून लागत होत्या. पण चौथ्यावरच्या दोन आणि सहाव्यावरच्या तीन, दोन्हीकडे आता नुसता गुळगुळीतपणा होता. चौथा दगड बाहेरच्या कडेला चार मिलिमीटर जाड आहे. हे दोन मधल्या दगडाच्या दोन्ही बाजूंना येतात. त्यांची अदलाबदल झाली तर मधला दगड पूर्ण टेकत नाही, नुसत्या कडेवर उभा राहतो.

हे मी त्याच दिवशी बाबांना सांगायला हवं होतं. मी वहीत लिहिलं. कार्यक्रम झाल्यावर सगळ्यांसमोर, शांतपणे, आकड्यांसकट सांगायचं असं ठरवलं: ज्याला रेघा काय असतात ते कळलं नाही, त्याला तुम्ही माथ्यावर नेलंत. वाक्य मी दोनदा खोडून नीट केलं. अदलाबदल होईलच असं नाही, असंही लिहिलं. शक्यता निम्मी होती. निम्मी शक्यता मला पुरेशी कमी वाटली.

कार्यक्रम सकाळी दहाला होता. खिडक्या उघड्या, दालनात ऊन, बाहेर कुणाच्या तरी शेतातल्या पंपाचा आवाज. मधोमध लाकडी आधार, त्याच्याखाली दोन पाचरी. आधाराच्या पोटात माणूस मांडी घालून बसेल एवढी जागा. अरिहंत पांढऱ्या कपड्यांत आला, खाली वाकून आत बसला. त्याच्यासमोर पितळी ताट आणि ताटात एक भाकरी.

पहिला दगड उचलला की शांतता सुरू होते. बसलेला माणूस भाकरी खाऊन उठेपर्यंत कुणी बोलायचं नाही, आपला दगड ठेवून झाला की जागा सोडायची नाही. जो बोलेल किंवा हलेल तो परत गाऱ्यावर, पहिल्यापासून. हा नेम सगळ्यांना पाठ आहे. माझ्या आठवणीत तो कुणी मोडलेला नाही.

मी पहिला दगड ठेवला आणि भिंतीशी जाऊन उभा राहिलो. दुसरा, तिसरा बसला; पलीकडून नववा, आठवा, सातवा. मग कोरीटचे दोघे सख्खे भाऊ दगड मांडलेल्या टेबलाशी गेले. चौथा थोरल्याचा, सहावा धाकट्याचा. थोरल्यानं एक दगड चाचपला, ठेवला, दुसरा चाचपला, परत पहिला घेतला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बोलता येत नव्हतं. धाकट्यानं उरलेला घेतला.

शेवटी मधला दगड वरून बसवला, आणि मला फट दिसली. पोस्टकार्ड जाईल एवढी, एकाच बाजूला. इतरांना ती दिसली नसावी, किंवा पॉलिशची रेघ वाटली असेल. मला ती किती आहे तेही माहीत होतं.

हातोडीवाला पहिल्या पाचरीशी बसला.

त्या वेळी मी काय विचार केला ते मला नेमकं सांगता येतं, कारण मी तो नंतर लिहून काढला. पहिला विचार: नेम आहे, मी बोलू शकत नाही. दुसरा: पुढच्या वर्षी मीच आहे, आज बोललो तर चार वर्षं गेली. तिसरा: चूक त्याच्याच पॉलिशची आहे. चौथा विचार असा होता की कमान पडली तर त्याला लागेल, फार नाही, थोडंसं. सहा किलोचा दगड मीटरभरावरून डोक्यात पडला तर काय होतं याचं गणित मला तोंडी येतं. ते मी केलं नाही.

पहिली पाचर निघाली. आधार एका बाजूनं बोटभर खाली आला. अरिहंतनं भाकरीचा तुकडा मोडला आणि तोंडात घातला. तो खात्यासारखा शांत वगैरे नव्हता. ताटाची कड त्यानं घट्ट धरून ठेवली होती. वर न बघता तो चावत होता, कारण वर बघायचं नसतं, आणि कारण दगड आम्ही ठेवले होते.

हातोडीवाला दुसऱ्या पाचरीकडे वळला. त्यानं हात उचलला.

"अरिहंत, निघ! बाहेर निघ!"

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. अरिहंत ताटावरून उडी मारून बाहेर पडला. हातोडी तोवर खाली आली होती. पाचर उडाली, आधार बसला, मधला दगड आधी वाकडा झाला आणि मग सगळे नऊ एकामागून एक खाली आले. ताटाचा पापड झाला होता.

मग सगळेच एकदम बोलायला लागले. कोरीटचा थोरला धाकट्यावर ओरडत होता, "मी म्हनी ऱ्हायंतू ना!" तो एक शब्द बोलला नव्हता. लालचंदशेठ मुलाच्या डोक्यावरून पुन्हा पुन्हा हात फिरवत होते. कुणीतरी म्हणालं, स्टीफनसरांनी जीव वाचवला, त्यांना नेम लावू नका.

नारसिंगबाबांनी हात वर केला. "जीव वाचाडा, खरं शे. नेम बी मोडा, ते बी खरं शे." मग माझ्याकडे वळून अगदी मायेनं म्हणाले, "सर, उद्यापासून गारा."

वही माझ्या पिशवीतच होती. मी ती काढली नाही.

पंधरा दिवसांनी रेघा नव्यानं कोरल्या गेल्या आणि कार्यक्रम परत झाला. मी दाराबाहेर चुना कालवत बसलो होतो. आतून काही ऐकू आलं नाही, म्हणजे कमान राहिली. मग बराच वेळ बाबांचा एकट्याचा बारीक आवाज. मी घमेल्यातला हात थांबवला. शब्द लागले नाहीत.

अरिहंत सगळ्यांत आधी बाहेर आला. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी नीट पाहिलं, कारण मला तेच पाहायचं होतं. तो नुकताच रडलेला दिसत होता. त्यानं हात पुढे केले. मी तांब्या उचलला.

"मास्तर, एक इचारू?"

"विचार."

"बाबानी सांगं, तुन्ही दगडं मोजेल व्हतात. एस्तेरनी त्यासले सांगं. मंग आधी काबरं बोलना नही तू? पहिली पाचर निंघी गई, तवलोंग?"

मी त्याला नेमाचं कारण सांगू शकलो असतो. त्यानं ते मानलंही असतं.

"मला बोलायचं नव्हतं," मी म्हणालो. "तुला थोडं लागावं असं वाटत होतं."

त्यानं मान हलवली. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. तांब्याखाली हात तसेच धरून तो म्हणाला, "खात्या उठना तवय काय बोलना, सांगू का तुले? इथं कोनी नही शे."

तेवढ्यात आतले पावलांचे आवाज दाराकडे यायला लागले. चार वर्षं, सात पाठभेद. तो सांगणार होता, सहज, दुकानात वर थोडं जास्त मोजून द्यावं तसं.

"नको," मी म्हणालो. "तुझ्याकडून नको."

आणि पाणी ओतलं. जरा जास्तच ओतलं. त्याच्या नव्या पांढऱ्या पायजम्यावर चुन्यासकट उडालं. तो हसला, आणि मी दुसऱ्याच्या हातासाठी तांब्या परत भरला.