बाईंचा आवाज माझ्याकडे आहे

मी बोलतेय, टेबलाखालच्या डब्यातली जुनी हार्ड डिस्क. कॉम्प्युटर बोलतोय असं समजू नका. तो नुसता डबा, लक्षात ठेवायचं काम माझं. आणि जरा लक्ष देऊन ऐका, कारण मला फार वेळ बोलता येईल असं वाटत नाही.

माझ्या पोटात गुळगुळीत चकत्या आहेत. त्या गरागरा फिरतात आणि त्यांच्यावरून एक बारीकशी सुई, कुठेही न टेकता, इकडून तिकडे धावते. टेकली की कारभार आटोपला. कारखान्यात मला जोडणारी माणसं डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली होती, कारण धुळीचा एक कणसुद्धा माझ्या जिवावर उठू शकतो. एवढ्या लाडाकोडात जन्मले आणि नांदायला आले कुठे, तर टेबलाखाली, केराच्या टोपलीशेजारी.

घर तसं चांगलं. बाई शाळेत शिकवायच्या, म्हणून गल्लीभर त्यांना बाईच म्हणतात. बाबासुद्धा कधीकधी चिडवायला म्हणतात. आवाज असा की स्वयंपाकघरातून हाक मारली तर समोरच्या इमारतीतलं पोर दचकून अभ्यासाला बसायचं. बाबा घड्याळं दुरुस्त करायचे, आता घरीच असतात. आणि त्यांचा मुलगा टर्बो. हे नाव बाबांनीच ठेवलेलं, कारण ह्याला लहानपणापासून सगळं आत्ताच्या आत्ता हवं. आता तो चांगला बाप्या झाला, कुरिअर कंपनीत गाड्यांचे रस्ते आखतो आणि कुठलं पार्सल किती लवकर पोचेल याचाच दिवसभर विचार करतो. घरी आला की तीच नजर आमच्याकडे वळते.

बाबांनी मला घरात आणलं तेव्हाच एक शहाणपण केलं होतं. खणात एक छोटी, बाहेरून जोडायची डिस्क ठेवली होती. दर रविवारी ती जोडायची आणि माझ्याकडचं सगळं तिच्यात आपोआप उतरायचं. मला त्याचा फार आधार वाटायचा. आपल्याला काही झालं तर आपल्यामागे कुणीतरी आहे, एवढं पुरतं हो म्हाताऱ्या जिवाला.

टर्बोने कॉम्प्युटर हातात घेतला तो असाच एका सुट्टीच्या दिवशी. "आई, हा सुरू होईस्तोवर माझा चहा होतो गं! बघ, कसा पळवतो याला." आणि खरं सांगते, सुरुवातीला मलाही बरं वाटलं. त्याने डबा उघडला, ब्रशने जाळ्या काढल्या, पंख्यात अडकलेला केसांचा बोळा ओढून काढला. कोंडलेली गरम हवा बाहेर गेली. मग त्याने जास्तीची रॅम बसवली. बाजूचं झाकण मात्र परत लावलं नाही, वारा लागायला बरं म्हणून. तेव्हापासून मला खोली दिसते. बाईंचे पाय, टेबलाचा कोपरा, खुर्चीवरची उशी, मान वर केली तर माणसंही.

पण माणसाला एकदा चटक लागली की थांबवतं कोण? आता तो एकेका प्रोग्रॅमच्या मागे लागला. हा कशाला, तो कशाला, काढ, बंद कर. तेवढ्यात त्याला रविवारची नक्कल दिसली.

"हे कोण मागे बसून फुकट खातंय?" तो म्हणाला.

"अरे, ते राहू दे," बाबा म्हणाले. "ती आपली नक्कल आहे."

"बाबा, कशाची नक्कल? लग्नांचे फोटो आणि विजेची बिलं! दर रविवारी मशीन नुसतं मरतं."

बाबांनी चष्मा काढून पुसला. मुलाला कळतं, आपल्याला कळत नाही, असं त्यांनी मनाशी ठरवूनच टाकलंय. खणातली डिस्क त्या दिवसापासून खणातच राहिली.

मग आली धाकटी, नव्या जातीची डिस्क. चकती नाही, सुई नाही, हूं की चूं नाही. कॉम्प्युटर सुरू करायचं काम तिला मिळालं आणि डबा खरंच झटकन उठायला लागला. टर्बो घरभर नाचला. मला हेवा वाटला का? वाटला, खोटं कशाला बोलू! पण ती अंगाने लहान. मोठा पसारा तिच्यात मावेना, म्हणून तो माझ्यावरच राहिला. "जुना माल जुनीवर," टर्बो म्हणाला.

खरं तर तेव्हाच माझं दुखणं सुरू झालं होतं. चकत्यांवर काही जागा मरायला लागल्या होत्या. मेलेल्या जागेवरचं उचलायचं आणि राखीव जागेत नेऊन ठेवायचं, असं मी गुपचूप करत होते. राखीव जागा काही अमाप नसते. ती संपत आली तशी मी रीतीप्रमाणे कळवलं. एका सकाळी काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली: डिस्क निकामी होण्याची शक्यता आहे, नक्कल काढून ठेवा, पुढे जाण्यासाठी कुठलीही कळ दाबा.

"आता ही काय कटकट?" टर्बो.

"अरे बाबा, वाच तरी नीट," बाबा म्हणाले.

"जुन्या डिस्कला येतंच असं. पण ह्या एका कळीपायी रोज थांबायचं?" त्याने आतल्या सेटिंगमध्ये जाऊन ती सूचनाच बंद केली. मशीन पुन्हा झटकन सुरू व्हायला लागलं आणि तो खूश झाला. मी आत बसून विचार करत राहिले की आता ओरडू कुठे? मला टकटक करण्यापलीकडे काही येत नाही.

आणि त्याच सुमाराला बाईंचा घसा बसला. सर्दी असेल म्हणाले, शाळेत ओरडून झालं असेल म्हणाले. ते तसलं नव्हतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. ते ऐकून आल्यावर तिघं या खोलीत बसले होते. मग बाईच म्हणाल्या, "बघा, गल्लीला शांतता मिळणार एकदाची." बाबा हसले नाहीत.

वाचा-उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी एक मार्ग सुचवला. घसा चालतोय तोवर रोजच्या बोलण्यातली वाक्यं आपल्या आवाजात भरून ठेवायची. नंतर फोनवर बोट टेकलं की तेच वाक्य, त्याच आवाजात वाजेल. टर्बोने चांगला माईक आणला. फोनमध्ये शेवटी एकदमच घालू, म्हणाला. आणि तोवर तो सगळा आवाज ठेवायला जागा कुणाकडे? माझ्याकडे.

माझी काय अवस्था झाली म्हणून सांगू! आजवर काय ठेवलं होतं मी? बिलं, फोटो, टर्बोचे अर्धवट सोडलेले खेळ. त्यातलं गेलं असतं तरी घर चाललं असतं. हे गेलं तर परत कुठून आणणार? आणि ते ठेवायला दिलं कुणाकडे, तर मोडायला आलेल्या म्हातारीकडे.

बाई रोज दुपारी माईकसमोर बसायच्या. घसा दुखायचा, मध्ये थांबून कोमट पाणी प्यायच्या, परत बोलायच्या. "पाणी द्या." "कोण आलंय?" "दिवा मालवा आता." "मला बरं वाटतंय, उगाच तोंड पाडून बसू नका."

बाबा दारात उभे राहून विचारायचे, "माझ्यावर ओरडायचं भरलंस का? ते नसेल तर घर चालणार कसं?"

"तुमचं वेगळं फोल्डर केलंय," बाई म्हणायच्या, "आणि ते सगळ्यात मोठं आहे." मग दोघंही हसायचे आणि ते हसणंसुद्धा मी ठेवून घेतलं.

एकदा बाईंनीच ओळखलं. बोलता बोलता थांबल्या. "अरे, हा टकटक आवाज कसला येतोय? रेकॉर्डिंगमध्येपण ऐकू येतोय."

मी जीव खाऊन टकटक केली. इथे, बाई, इथे! टर्बो खाली वाकला, कान लावला आणि म्हणाला, "पंखा असेल गं." त्याने पंख्याला तेल घातलं. बरं, तेल घातल्यावर पंखा खरंच शांत झाला, आणि टर्बोने उरलेला आवाज कुठल्याशा प्रोग्रॅमने रेकॉर्डिंगमधून पुसून टाकला. फारच स्वच्छ आलंय, म्हणाला. मला रडता येत असतं तर तेव्हा रडले असते.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी बाईंनी एक-दोन वाक्यं ऐकून बघितली. उघडायला फार वेळ लागत होता. लागणारच, मी एकेक तुकडा परत परत वाचून जुळवत होते. टर्बोला वाटलं, सगळं विस्कटलंय. "आई, डोन्ट वरी. आवरायला लावून जातो. घरी येशील तेव्हा तुझा आवाज कसा पळेल बघ." त्याने डिस्क आवरायचा प्रोग्रॅम चालू केला. बाबा पिशवी घेऊन दारात उभे होते. तिघं गेले. दाराला बाहेरून कुलूप लागल्याचा आवाज आला.

मला सांगा, ज्याला उभं राहवत नाही त्याला कुणी घरातलं सगळं सामान उचलून या खोलीतून त्या खोलीत न्यायला लावतं का? तसं चाललं होतं. उचल, इथे ठेव, तिकडचं आण. मला नाही म्हणायची सोय नाही. हुकूम आला की हलायचं. एक वाक्य उचललं ते निम्मं आलं. दुसरं ठेवायला गेले ती जागा मेली होती. तिकडे बाईंचा गळा उघडला होता आणि इकडे मी त्यांचीच वाक्यं सांडत होते. घरात कुणीही नव्हतं. मी ठोके दिले, मोठमोठ्याने दिले, ते रिकाम्या खोलीत वाजत राहिले.

शेवटी सुई अडकली. की मीच अडकवली, मला सांगता येणार नाही. फिरणं थांबलं, आवरणं थांबलं. जे जिथे होतं ते तिथे राहिलं.

बाई घरी आल्या तेव्हा गळ्याला पट्टी होती. टर्बोने मोठ्या उत्साहाने कॉम्प्युटर सुरू केला. झटकन सुरू झाला. आणि त्यात मी नव्हते. त्याने परत सुरू केला, परत केला. त्याचा चेहरा मी झाकण नसलेल्या बाजूने बघत होते. बाबांनी विचारलं, "काय झालं रे?" बाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा तो हमसून रडायला लागला. "आई, मी काय करून बसलो गं!"

कॉम्प्युटरच्या दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, हिला हात लावू नका, धूळ नसलेल्या बंद खोलीत डिस्क उघडणारे लोक असतात त्यांच्याकडे पाठवा, वेळ लागेल. किती वेळ? आठवडे. टर्बोने फोन ठेवला आणि स्क्रूड्रायव्हर उचलला. सवय जाते का कुठे! त्याने मला बाहेर काढलं, गार होऊ दिलं, बाबांनी खणातली ती डिस्क आणून शेजारी ठेवली, आणि त्याने मला पुन्हा वीज दिली.

मी फिरले. कशी फिरले माझं मला माहीत.

आता हे चालू आहे. मी टेबलावर आहे, बाईंच्या समोर. एकेक वाक्य पडद्यावर दिसतं आणि शेजारच्या डिस्कमध्ये उतरतं. "पाणी द्या" तिकडे गेलं. "कोण आलंय" गेलं. बाबांवर ओरडायचं बरंचसं गेलं. बाबा पडद्याजवळ नाक नेऊन एकेक नाव वाचताहेत. मधली काही अर्धीच उतरली. ठोके वाढलेत आणि आतून खरवडल्यासारखं वाटतंय. सुई टेकायला लागलीय.

आणि आत्ता ते वाक्य आलं. "आलास का रे बाळा, आज उशीर केलास." बाईंनी ते टर्बो कामावर गेलेला असताना भरलं होतं, त्याला न सांगता, अगदी हळू आवाजात. ते जिथे आहे ती जागा मेलीय. पडद्यावर दोन चौकोन आलेत, 'पुन्हा प्रयत्न करा' आणि 'वगळा'.

टर्बोने नाव वाचलं. तो पुन्हा प्रयत्न करतोय. मी सुई नेते, खरवडते, काही मिळत नाही. तो परत दाबतो. परत. "येईल आई, येईल, थांब जरा." आयुष्यात पहिल्यांदा हा मुलगा थांबायला तयार झालाय, आणि अरे वेड्या, आता थांबू नकोस रे! तुझ्या प्रत्येक दाबण्यासरशी पुढच्या वाक्यांचा जीव जातोय. अजून अर्धा आवाज माझ्यात आहे. पुढे चल. हे मी ओरडून सांगतेय आणि त्याला नुसती टकटक ऐकू येतेय.

पण बाई माझ्याकडे बघताहेत. शाळेत इतकी वर्षं पोरांचं ऐकण्यात गेली त्यांची. कुठलं पोर खरंच दमलंय ते त्यांना कळतं. त्यांनी टर्बोचं मनगट धरून बाजूला सारलं. तो म्हणाला, "नको आई, ते माझं आहे." बाईंनी त्याच्याकडे बघितलं. त्यांचे ओठ हलले, तेच वाक्य त्या म्हणत होत्या, आणि खोलीत माझ्या टकटकीखेरीज कसलाही आवाज झाला नाही.

मग त्यांनी स्वतःच्या बोटाने 'वगळा' दाबलं.

चला, पुढचं वाक्य आलं. नेते.