उभा कोपरा

शेंग तडकली, आणि आतला पिवळा दाणा उडून थेट जमिनीच्या भेगेत गेला... धनराजनं वाकून पाहिलं, पण उचलला नाही. कारण हा दाणा आता त्याचा नव्हता. कुणाचा होता, ते मात्र अजून ठरायचं होतं. आसेगावच्या शिवारातलं त्याचं सगळं सोयाबीन सोंगून झालं होतं, फक्त धुऱ्याकडचा, बांधालगतचा हा कोपरा उभा — मुद्दाम उभा. शेताचे कोपरे कापू नका, गरिबांसाठी आणि उपऱ्यांसाठी राहू द्या, असं बायबलात स्पष्ट लिहिलंय, आणि मंगरूळपीरच्या शाळेत जन्मभर ‘प्रश्न नीट वाचा’ म्हणून ओरडलेल्या मास्तरानं तरी ते पाळायला नको का? आजोबांपासून घरात ख्रिस्ती प्रार्थना. पण बायबल शेतापर्यंत आणणारा मीच पहिला — हा विचार त्याला धुऱ्यावरच्या प्रत्येक फेरीत यायचा, आणि प्रत्येक फेरीत तेवढाच आवडायचा.

अडचण एकच. कोपरा न्यायला कुणी येत नव्हतं.

परवा तांड्यावरच्या बाया आल्या होत्या, गोमतीबाई पुढं. सांडलेल्या शेंगांचा सरवा दरवर्षीसारखा, न विचारता, वेचून गेल्या — आणि कोपऱ्याला लांबून वळसा घालून, जणू तिथं कुणी झोपलंय. आता ऊन असं, की एक-दोन दिवसांत सगळ्या शेंगा तडकणार, आणि मग तो कोपरा ना त्याचा, ना गरिबांचा, ना देवाचा... नुसता उंदरांचा. उंदरांना दिल्याचा आशीर्वाद कुठल्या अध्यायात आहे, हे त्याला आठवेना.

“सांगून टाका ना गोमतीबाईले,” सकाळी चहा गाळताना बायको म्हणाली होती.

“सांगून दिलं तर दान कसलं, योगिनी? उजव्या हाताचं डाव्याला कळू नये.”

“डाव्याचं राहू द्या. जिले द्याचं, तिले तरी कळू द्या.”

तेव्हा तो हसला नव्हता. आता, एकटाच, थोडासा हसला — आणि तेवढ्यात धुऱ्यावरून गोमतीबाई येताना दिसली, डोक्यावर दुसऱ्याच रानातलं गाठोडं.

“गोमतीबाई, हा कोपरा तुमच्यासाठी ठेवलाय. घेऊन जा.”

तिनं गाठोडं उतरवलं नाही. “उभं पीक?”

“हो.”

“मास्तर, खाली पडलं ते आमचं. उभं असते ते मालकाचं. आज तुमच्या उभ्याले हात लावला, अन् उद्या कोणाचं काही गेलं, त सारे पहिले तांड्यावरच शोधाले येतात. तवा तुमी याल का सांगाले?” तिनं डोक्यावरचं गाठोडं सावरलं. “अन् बाया म्हणतात, मास्तरनं तिथं देव बसवला. तुमच्या देवाले काय चालते, आमाले काय ठावं.”

येईन, असं तो म्हणणार होता. पण रात्री-अपरात्री तांड्यावर कुणी गेलं, तर आपल्याला कळणार सकाळी, चहाबरोबर...

त्यानं शेतातल्या झोपडीतून विळा आणला. कोपरा कापू नका — स्पष्ट लिहिलेलं होतं, आणि तो कापायला लागला; पहिली मूठ कापून त्यानं पेंढी न बांधता मागं टाकली, तशीच दुसरी. आता हे पडलेलं. पडलेलं तिचं. लिहिणाऱ्याला आसेगावचा रिवाज माहीत नसावा, किंवा चांगलाच माहीत असावा — यावर रविवारी कुणाशी तरी वाद घालायला हवा.

“काय करून राह्यले तुमी? असं बोट जाईन.”

“जाऊ द्या.”

“डावा हात वर धरा जरा.”

त्यानं धरला. कंबर दुखायला लागली होती. प्रवचन ऐकताना दर वेळी त्याच्या डोळ्यांपुढं एकच चित्र यायचं — देणारा उभा, घेणारा वाकलेला — आणि त्यात आपण कुठं, हे शोधावं लागायचं नाही. आता शोधायला गेलं तर वाकलेला तोच होता, आणि गोमतीबाई धुऱ्यावर, सावकाश विचार करत, उभी. ती घेईल, किंवा घेणार नाही. ते तिचं. मान वळवून बघायची इच्छा एकदा झाली, मग राहिली नाही, आणि मनात जे राहिलं होतं त्याला आशीर्वाद म्हणावं का, हे न ठरवताच तो पुढच्या मुठीकडं सरकला, बऱ्यापैकी खुशीत.