मारोतरावांच्या वावरातलं सुपडं

कळंब रस्त्यालगतचं आपलं पऱ्हाटीचं, कापसाचं वावर मारोतरावांनी विद्यापीठाच्या कलासंग्रहालयाला दिलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढं घुमट होता, कमानी होत्या, चढून जायला रुंद पायऱ्या होत्या. पोटी मूलबाळ नव्हतं. पायऱ्या चढताना माणसं आपलं नाव घेतील, एवढीच हौस.

चौसष्ट साली उभं राहिलं ते भलतंच. सिमेंटच्या उघड्या भिंती, ना गिलावा ना रंग, खिडकी एक नाही, आणि छप्पर एका अंगानं वर चढत गेलेलं, सूप तिरपं धरावं तसं. गावानं त्याला सुपडंच म्हणायला सुरुवात केली. बाजारात कोणीतरी विचारायचंच, "काय मारोतराव, सुपड्यात काय पाखडून राह्यले?"

उद्घाटनाला ते गेले नाहीत. "आत तं पाहून या एकडाव," बायको, तानाबाई, म्हणायची. "पाहाले काय हाये तिथं?" म्हणत त्यांनी वर्ष काढलं.

शेवटी एका दुपारी गेले ते भांडायलाच. फुकट जमीन घेतली ती असलं ध्यान बांधायला? पण संग्रहालयाचे साहेब जेवायला गेलेले. मारोतराव आतल्या बाकावर टेकले. बाहेर ऊन रणरणत होतं, इथं गारवा. छपराच्या फटीतून उजेड भिंतीवरून हळूहळू खाली उतरत होता.

"काका, हलू नका न!"

समोर जमिनीवर एक मुलगी बसली होती. मांडीवर फळी, हातात कोळसा.

"काहून?"

"तुमचं चित्र काढून राह्यली. मी फरीदा, इथंच शिकते. उजेड नाकावर आला हाये, सरकला का गेला."

भांडायला उघडलेलं तोंड मिटलं. इतकं निरखून त्यांना आजवर कोणी पाहिलं नव्हतं. बसल्या बसल्या आठवलं, इथंच कुठंतरी बाभळीखाली तानाबाई भाकर सोडायची. पानांतून ऊन तिच्या हातांवर पडायचं. तेव्हा आपण भाकरीकडंच पाहत होतो.

साहेब आले. "काही काम होतं, मारोतराव?"

"आत्ता बोलता येत नाही," ते ओठ न हलवता म्हणाले.

चित्रातला माणूस चांगलाच रागीट निघाला. "असा दिसतो मी?"

"आले तवा असेच होते," फरीदा हसली. "मंग बदलले, पण तोवर भुवया काढून झाल्या होत्या."

दुसऱ्या दिवशी ते तानाबाईला घेऊन आले. "पोरी, आता हिचं काढ. हात दिसू दे."

कापूस वेचून भेगाळलेले हात तानाबाईनं पदराखाली लपवले. फरीदानं आधी तिचा चेहरा काढायला घेतला. बऱ्याच वेळानं एक हात बाहेर आला आणि मांडीवर टेकला.