काशी गाते तो फोन

माझी जाऊ काशी गायला लागली की सारसोळ्याच्या जेट्टीवर चिंबोऱ्या बिळातून बाहेर यायच्या आनि नांग्या वर करून डोलायच्या. हसा, हसा. एका हळदीला तिने असा सूर लावला की पाम बीच रोडवरच्या गाड्या जागच्या जागी थांबल्या, आनि हवालदाराने येऊन काशीचीच पावती फाडली. माझी नात भाविका म्हनते, "आजी, तुझ्या बोलन्यात चार आने तरी खरं असतं का गं?" मी म्हनते, चार आने आता चालतात कुठे?

पन काशी गायची हे सोळा आने खरं. गावातली शेवटची धवलारीन ती. आमच्या कोळ्यांच्या लग्नात हळदीला धवला गातात. खाडीला, वाऱ्याला, देवांना, मेलेल्या आजा-पंज्याला, एकेकाचं नाव घेऊन आवतन. ते आवतन काशीच्या तोंडून गेलं नाय तर लग्न लागलंच नाय असं आमी समजायचो.

माझ्या लेकाने, हरेशने तिचा अख्खा धवला फोनमधे भरून ठेवलेला. हरेशचं नेरूळ स्टेशनजवळ मोबाईलचं दुकान होतं. काचेच्या कपाटात जुने फोन मांडलेले, विकायला नाय, दाखवायला. गिऱ्हाईक स्क्रीनगार्ड लावायला आलं की ह्याचं भाषन चालू. "हा बघा, अँड्रॉइडचा सगळ्यात पहिला. असा सरकवला की खालून बटनं निघतात. मग हा मोटोरोला, ह्याने तिकडे अमेरिकेत आयफोनवाल्यांना घाम फोडला. पन अँड्रॉइडला घराघरात घेऊन गेला तो हा." मग कपाळाला लावल्यासारखा गॅलेक्सी एस उचलायचा.

दुकानात सौरभ रिपेरिंगला होता. तो म्हनायचा, "शेट, गॅलेक्सी सोसायटीवाल्यांनी घेतला. आपल्या गावात शिरले ते पाच हजारवाले."

"अरे, पन ते आले कुनाचं बघून?"

दोघं चहा थंड होईस्तोवर भांडायचे. मी डबा घेऊन गेलेली असायची, मधेच सांगायची, की त्या सरकत्या फोनने मी बोईटाची खवलं काढून बघितली, झकास निघतात. हरेश हात जोडायचा. "आई, तू घरी जा."

काशी गायली ती त्या गॅलेक्सीत. पुढच्या वर्षी ती गेली. पन घरात लग्न निघालं की हरेश तो फोन घेऊन यायचा, स्क्रीनवर अंगठा फिरवायचा, स्पीकरला लावायचा, आनि काशी मांडवात हजर! मेल्यावर पन मानपान सोडला नाय बाईने. लोक म्हनायचे, अरे दुसरीकडे पन भरून ठेव. हा म्हनायचा, ज्यात गायली त्यात राहू दे. आनि फोन गातोय म्हटल्यावर आमी कशाला शिकतोय? आमी बायका जेवायच्या पानांकडे बघत बसायचो.

करोनात हरेश गेला. फोन माझ्या पत्र्याच्या पेटीत.

यंदा भाविकाचं लग्न ठरलं. ऐरोलीला मोठ्या कंपनीत असते, इंग्रजीत भांडते. पन म्हनाली, "हळदीला डीजे नंतर. आधी काशी आजीचा धवला. पप्पा असते तर त्यांनीच लावला असता." मग फोन घेऊन आमी सौरभकडे गेलो. दुकान आता तोच बघतो. त्याने कुठून तरी बॅटरी पैदा केली, आनि फोन लागला! भाविकाने माझा हात दाबला.

स्क्रीनवर नऊ टिंबं.

"पॅटर्न काय होता?" सौरभ म्हनाला. "शेट कुनाला दाखवायचे नाय."

"कार्ड काढून बघ ना," भाविका म्हनाली.

"कार्ड नाय ह्याच्यात. सगळं पोटात भरलंय. लॉक उघडल्याशिवाय केबल लावली तरी काय दिसनार नाय."

"आना इकडे. मला म्हाईत हाय," मी म्हटलं.

म्हाईत कुठलं? लांबून अंगठा फिरताना बघितलेला. पन दोघं माझ्या तोंडाकडे बघत होते, आनि मला ते लई आवडतं. पहिला काढला जाळ्याच्या गाठीसारखा, बापाने शिकवलेली गाठ म्हनून. नाय उघडला. मग होडी काढली, तिची पन गोष्ट सांगितली. मग पापलेट. मग हरेशचा ह. फोन मधेमधे थांबायला सांगायचा, थांबून परत आमी काढायचो.

"आजी, आता थोडेच राहिले," सौरभ म्हनाला. "मग तो शेटचा ईमेल मागेल."

भाविकाने माझी हनुवटी धरली. "माझ्याकडे बघ. खरंच माहितीये का तुला?"

"अगो, त्याचा अंगठा धरून मीच त्याला ग गवताचा शिकवला," मी म्हटलं आनि ग काढला.

नाय उघडला. अजून दोन-चार काढले, मग टिंबंच गेली. ईमेल आनि पासवर्ड मागायला लागला.

भाविका एकदम हसली. "अगं, हे तर माझ्याकडे आहे! पप्पांचं अकाउंट मीच बघते." भराभर टाकलं. नाय घेतलं. परत टाकलं, एकेक अक्षर बोलून. नाय.

सौरभने फोन हातात घेतला, आपल्या कंप्युटरवर तेच टाकून बघितलं. तिथे लगेच उघडलं. मग त्याने फोन हळूच काचेवर ठेवला.

"पासवर्ड बरोबर हाय. फोनच जुना झालाय. एवढ्या जुन्या अँड्रॉइडला आता लॉगिन देत नाय. बंद केलंय कधीच."

"म्हंजे पॅटर्न संपले, आनि हे पन नाय?" मी म्हटलं. "आनि ह्यानेच अँड्रॉइडला घराघरात नेला ना?"

"पुसला तर चालू होईल, आजी. फक्त आतलं जाईल."

हळदीला मांडवात बायका म्हनाल्या, "गोजरा वयनी, तुमी गा. तुमीच सांगता ना, काशीला मी शिकवलं म्हनून."

सांगते. दर लग्नात सांगते. बसले पाटाजवळ. भाविका हळदीने पिवळी, तिने नवा फोन माझ्यासमोर धरला, रेकॉर्डिंग चालू. मी खाडीला आवतन दिलं. वाऱ्याला दिलं. वाऱ्यानंतर काशी दम घ्यायची, बांगड्या वाजायच्या, तेवढं आठवलं. मग कोन? देवांत पहिलं नाव कुनाचं?

मला थापांचा काय तोटा हाय? उलव्याच्या विमानतळाला आवतन दिलं असतं तरी बायकांनी हात जोडले असते. पन फोन बघत होता. मी जे तोंडातून काढीन तेच उद्या काशीचं होनार होतं.

"आजी, पुढे?"

"पुढचं नाय येत."

सगळ्या हसल्या. "आली बघा नाटकं! भाव खाते म्हातारी!"

"खरंच नाय येत गो."

अजून हसल्या. भाविका पन हसली. मग माझ्याकडे बघत राहिली, आनि फोन खाली केला.

डीजेवाल्याने विचारलं, "लावू का?" आनि त्याने लावला.

जुना फोन माझ्या ओटीत होता. अजून मी त्याला अधनंमधनं चार्जिंगला लावते. उजेड येतो, ईमेल मागतो, बंद होतो. आत काशी हाय. परवा शेजारच्या पोरांना हेच सांगत होते, तर म्हनाली, "आजी, चिंबोऱ्यांची सांग ना, ती भारी हाय."